चाळकेवाडीच्या सड्यावरील सरड्यांची मोजणी : प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२४

३० मार्च, शनिवार

साताऱ्याहून सज्जनगड आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. आम्ही तिघे आहोत : मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेले माझे एक स्नेही आणि प्राणिशास्त्र शिकणारा माझा भाचा. या उन्हाळ्यात सड्यावरचा (उघड्या कातळाच्या पठारावरचा) गळपंख्याचा सरडा कोणत्या प्रकारच्या जागेत राहतो, काय खातो आणि पठाराच्या कोणत्या भागात किती दिसतो, याची सुट्टीच्या दिवशी जमेल तशी पण शिस्तीत नोंद करायची, असे ठरवले आहे. अशीच मोजणी आपल्या गावाजवळच्या माळावर करू पाहणाऱ्यांना आमच्या चुका तरी उपयोगी पडाव्यात, म्हणून ही टिपणे ठेवत आहे.

हा सरडा ‘सारडा सुपर्बा’ या जातीचा आहे. २०१६ साली दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाची फेरमांडणी केली, तेव्हा मराठीतल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच ‘सारडा’ या नव्या प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) नाव दिले, आणि सुपर्बाचे पहिले शास्त्रीय वर्णन चाळकेवाडीच्या याच पठारावरील नमुन्यावरून केले. म्हणजे जातीच्या ओळखीचा प्रश्न आम्हाला येथे फारसा पडणार नाही, आणि म्हणूनच सुरुवात येथून केली.

आज फक्त जागा पाहिल्या. दोनशे मीटर लांबीच्या चार रेषा निवडल्या; त्यांतील पहिली आणि दुसरी पवनचक्क्यांच्या रांगेजवळून जातात, तर तिसरी आणि चौथी पठाराच्या चक्क्या नसलेल्या भागात आहेत. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावरचा मातीचा पातळ थर, वाळून पिवळे पडलेले गवत आणि मधूनमधून खुरटी झुडपे, असे चारही ठिकाणचे साधारण रूप आहे. सरड्याला हात लावायचा नाही, पकडायचा नाही, दगड उलथायचे नाहीत, एवढे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

६ एप्रिल, शनिवार

पहिली मोजणी सपशेल फसली. पक्षीनिरीक्षणाची सवय असल्यामुळे आम्ही पहाटे निघून सव्वासातला पहिल्या रेषेवर उभे होतो. पावणेनऊपर्यंत चारही रेषा चालून झाल्या आणि एकूण दोन सरडे दिसले. त्यांपैकी एक झुडपाच्या बुडाशी इतका निश्चल होता की माझ्या स्नेह्यांनी त्याला आधी वाळकी काटकीच समजले. वहीत ‘तिसरी आणि चौथी रेषा : सरडा नाही’ असे लिहून आम्ही चहाला गेलो.

परतताना वाटेत मेंढरे घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारपूस केली. आम्ही काय शोधतो आहोत ते ऐकून ते म्हणाले, “ऊन तापल्याबिगर त्यो भायेर येत न्हाय, गुरुजी. तुमी लई लौकर आलासा.” दहाच्या सुमारास आम्ही तिसऱ्या रेषेच्या टोकाशी नुसते जाऊन उभे राहिलो, तर पंधरा मिनिटांत तीन नर दगडांवर चढून गळ्याची पोळी फडफडवताना दिसले. बैलाच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला आपण पोळी म्हणतो, तोच शब्द मी येथे वापरणार आहे. या जातीच्या नराची पोळी हनुवटीपासून छातीच्याही मागे जाते आणि उघडली की निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग एकदम दिसतात.

सरड्याचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, हे आम्ही तिघेही शाळेत शिकलो आहोत आणि त्यांतील एक जण तर ते शिकवतोही. तरीही ‘सरडा नाही’ हे शब्द आम्ही किती सहज लिहिले! वहीतील ते दोन शब्द खोडून ‘सकाळी सव्वासात ते पावणेनऊ या वेळेत दिसला नाही’ असे लिहिले.

१४ एप्रिल, रविवार

जमिनीचे तापमान दुरूनच मोजणारा बंदुकीच्या आकाराचा तापमापक १,१५० रुपयांना घेतला. खर्च जास्त वाटला, पण आजच्या दिवसात तो वसूल झाला असे म्हणता येईल. साडेसातला कातळाचा पृष्ठभाग २१ अंश, साडेनऊला ३४ आणि साडेबाराला ५३ अंश सेल्सिअस होता. सव्वानऊच्या आधी एकही सरडा उघड्यावर आला नाही. अकरानंतर ते झुडपांच्या सावलीत सरकू लागले आणि साडेबाराला उघड्या कातळावर एकही उरला नाही. यापुढे मोजणी साडेनऊ ते अकरा याच वेळेत होईल. चार रेषांसाठी हा वेळ अपुरा असल्यामुळे दर वेळी रेषांचा क्रम बदलायचा, म्हणजे चौथ्या रेषेच्या वाट्याला नेहमीच तापलेली अकराची वेळ येणार नाही.

आजची संख्या : चारही रेषा मिळून १९. आठवड्यापूर्वीच्या दोनवर आलेला हा आकडा सरड्यांच्या संख्येतील वाढ दाखवत नाही, आमच्या घड्याळातील दुरुस्ती दाखवतो.

रेषा पुन्हा सापडाव्यात म्हणून दर पन्नास मीटरवर दगडांची छोटी चळत रचून ठेवली. पन्नास मीटरचा फायबरचा टेप ३८० रुपयांना मिळाला. चळतीला पैसे लागले नाहीत, पण ती पुढे बरीच महागात पडली.

२१ एप्रिल, रविवार

१९ पैकी १६ नर होते, ही गोष्ट भाच्याच्या लक्षात आली आणि त्याने ती बरोबर पकडली. निसर्गात नर-मादींचे प्रमाण इतके एकतर्फी असण्यापेक्षा आम्हाला माद्या दिसत नाहीत हीच शक्यता अधिक होती. मादीला पोळीचा रंगीत पंखा नसतो. तपकिरी अंगावर पाठीच्या मध्यरेषेने गडद चौकटींसारखी नक्षी असते आणि वाळल्या गवतात ती नक्षी अक्षरशः विरून जाते. मेंढपाळ बाबांनी तर आम्हाला सांगितले होते की ‘त्यो मातकट’ हा वेगळाच सरडा आहे आणि ‘निळा’ वेगळा. आम्ही मनात हसलो होतो, पण वहीत आम्हीही नेमके तेच करत होतो : निळे मोजत होतो आणि मातकट सोडून देत होतो.

आज पद्धत बदलली. एक जण रेषेवरून मिनिटाला साधारण दहा मीटर या वेगाने चालतो, दुसरा पाच मीटर मागून दुर्बिणीने दोन्ही बाजूंचे गवत पाहतो आणि तिसरा फक्त लिहितो. नर, मादी आणि ‘ओळख पटली नाही’ असे तीन रकाने केले. मंदपणे चालल्यामुळे दोनच रेषा पुऱ्या झाल्या, पण त्यांत नऊ नर, सात माद्या आणि चार अनिश्चित अशा नोंदी मिळाल्या. तिसरा रकाना लाजिरवाणा वाटतो, म्हणून तो भरायचे टाळू नये. पोळी मिटलेला तरुण नर आणि मादी यांत दहा मीटरवरून फरक करता येतो असे मला आता वाटत नाही.

माझा पांढरा शर्ट आणि सकाळची पूर्वेकडून येणारी लांब सावली यांनीही काही सरडे पळवले असावेत. पुढच्या वेळेपासून मातकट कपडे घालायचे आणि शक्य तेथे सूर्याकडे तोंड करून चालायचे.

२८ एप्रिल, रविवार

आज ३१ सरडे दिसले आणि आम्ही खूश झालो. दुपारी झाडाखाली बसून नकाशावर ठिपके मांडले तेव्हा त्यांतील ११ ठिपके आमच्याच दगडांच्या चळतींपासून दोन मीटरच्या आत पडले. चारही रेषांवर मिळून चळती फक्त वीस!

कारण उघड आहे. विणीच्या या दिवसांत नराला पोळी दाखवण्यासाठी आजूबाजूपेक्षा थोडी उंच जागा लागते. तेथे तो पुढच्या पायांवर अंग उचलतो, पोळी झपाझप उघडमीट करतो आणि दुसरा नर जवळ आला तर त्याच्या अंगावर धावून जातो. सपाट कातळावर अशी उंच जागा मोलाची असते, आणि आम्ही तिच्या वीस नव्या प्रती रचून ठेवल्या होत्या. अधिवास मोजायला गेलो आणि अधिवासच बदलून बसलो. दगडांची उंची हा घटक आमच्या वहीत एक रकाना म्हणून होता. त्या रकान्यात आमच्याच चळतींची उंची ‘नैसर्गिक उंचवटा’ म्हणून नोंदली गेली होती, हे पाहून मी वही मिटली.

सगळ्या चळती मोडून दगड पांगवले. त्याऐवजी पाच इंची खिळे जमिनीशी सपाट ठोकले आणि त्यांना लाल कापडाची चिंधी बांधली. खिळे आणि कापड मिळून १२० रुपये. आजचे चळतींजवळचे ११ सरडे खोडले नाहीत, मात्र त्यांच्यापुढे खूण करून ते हिशेबाबाहेर ठेवले.

४ आणि ५ मे

शिक्षक स्नेह्यांना ७ तारखेच्या लोकसभा मतदानाचे काम असल्याने दोन्ही दिवस वाया गेले. मी घरी बसून प्रसाराचा नकाशा करायला घेतला आणि त्यातही एक चूक केली.

लोकांनी टिपलेल्या छायाचित्रांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि महाराष्ट्राच्या नकाशावर सरसकट ठिपके मारले. नकाशा भरगच्च झाला, पण तो कशाचा नकाशा आहे हे मलाच सांगता येईना. १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने पाँडिचेरीवरून नाव दिलेली ‘सिटाना पाँटिसेरियाना’ ही एकच जात देशभर सर्वत्र आहे, असे दीर्घकाळ मानले जात असे आणि जुन्या याद्यांत हेच नाव सगळीकडे दिसते. १८७० मध्ये जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाने दख्खनच्या सरड्याला ‘डेक्कनेन्सिस’ म्हणून वेगळे ओळखले होते, ती जात आता सारडा प्रजातीत येते. २०१६ च्या त्या फेरमांडणीत सारडामध्ये सुपर्बा आणि डार्विनी या जातींची, तर सिटानामध्ये लॅटिसेप्स, स्पिनिसेफॅलस आणि विसिरी यांची भर पडली. डार्विनी हे नाव लैंगिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनच्या सन्मानार्थ आहे, आणि पोळी फडकवणारा नर पाहिला की ते नाव शोभते. म्हणून २०१६ पूर्वीच्या यादीतला ‘पाँटिसेरियाना’ हा शब्द फक्त ‘गळपंख्याचा कोणता तरी सरडा’ इतकेच सांगतो.

मागच्या पायाला पाचऐवजी चारच बोटे, ही खूण वापरून मी आधी चाळण लावली. त्यामुळे बागेतला सरडा बाजूला पडला खरा, पण सिटाना आणि सारडा या दोघांनाही चारच बोटे असल्यामुळे पुढचे काम झालेच नाही. शेवटी उघडी पोळी स्पष्ट दिसणाऱ्या नरांची छायाचित्रे तेवढी ठेवली : पोळी मोठी, पोटाकडे लांब गेलेली आणि निळी-काळी-नारिंगी असेल तर सारडा, लहान आणि बहुतांशी फिकट असेल तर सिटाना. माद्यांची सर्व छायाचित्रे जातीच्या नकाशातून काढली. २१४ ठिपक्यांचे ५८ झाले. दोन दिवसांचे काम गेले आणि नकाशा विरळ झाला, पण आता प्रत्येक ठिपक्याबद्दल मी उत्तर देऊ शकतो.

१२ मे, रविवार

लाल चिंध्यांपैकी निम्म्या गायब. काही शेळ्यांनी चघळलेल्या स्थितीत सापडल्या. खिळे मात्र जागेवर होते. मोबाइलमधील स्थाननोंद पाच-सहा मीटरने चुकते; तेवढ्या परिसरात खिळा शोधायला दर वेळी सरासरी चार मिनिटे लागली. वीस खिळ्यांचा हिशेब केला तर जवळपास सगळी मोजणीची वेळ खिळे शोधण्यात जाईल, म्हणून प्रत्येक रेषेचे फक्त दोन्ही टोकांचे खिळे ठेवले, बाकीचे उपटून आणले आणि मधले अंतर टेपनेच मोजले. हेच पहिल्या दिवशी करायला हवे होते.

आज २४ सरडे. चळती मोडल्या त्या ठिकाणांजवळ फक्त दोन. एक नर मोडलेल्या चळतीतल्या सर्वांत मोठ्या दगडावर अजून बसलेला होता.

खाद्याचे काम आज सुरू केले. सरड्याला पकडून पोट तपासणे आमच्या नियमात बसत नाही, म्हणून नर बसतात त्या दगडांवरच्या लेंड्या गोळा केल्या. या लेंडीच्या टोकाला युरिक आम्लाचा पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखता येते. मात्र पक्ष्याच्या विष्ठेतही पांढरा भाग असतो आणि सापसुरळीची लेंडी तर फारच मिळतीजुळती असते. म्हणून ज्या दगडावर आमच्या डोळ्यांदेखत सरडा बसला होता, त्याच दगडावरची ताजी लेंडी घ्यायची असा नियम केला. एकूण १४ मिळाल्या. त्या झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून घरी आणल्या.

१९ मे, रविवार

सात दिवसांत १४ पैकी नऊ लेंड्यांना बुरशी आली. ओलावा असलेली वस्तू प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये, हे घरातल्या कोणीही मला सांगितले असते, आणि पिशव्या पाहून माझ्या आईने ते सांगितलेही. आता कागदी पाकिटे, आणि घरी आल्यावर एक दिवस सावलीत वाळवून मग काचेच्या कुप्या. पाकिटे, कुप्या आणि स्पिरिट मिळून २१० रुपये, दहापट दाखवणारे भिंग २५० रुपये.

वाचलेल्या पाच लेंड्या बशीत पाण्यात भिजवून सुईने सोडवल्या. मुंग्यांची डोकी सर्वांत जास्त, त्यानंतर भुंगेऱ्यांच्या कठीण पंखकवचांचे चमकदार तुकडे, एका लेंडीत नाकतोड्याचा काटेरी पाय. यावरून ‘सरडा मुख्यतः मुंग्या खातो’ असे वाक्य भाच्याने लिहिले आणि मी ते थांबवले. मुंगीचे डोके आणि भुंगेऱ्याचे कवच पचत नाही म्हणून उरते. वाळवी, अळी किंवा कोळी यांचे मऊ अंग पचून जाते. लेंडी जे उरले ते सांगते. हा सरडा कीटकभक्षी आहे आणि मुंग्या त्याच्या आहारात भरपूर असतात, एवढे निश्चित; प्रमाणाचे आकडे लेंडीवरून देण्यात अर्थ नाही.

म्हणून आज दोन तास नुसते पाहत बसलो. सरडा बराच वेळ एका जागी थांबून राहतो आणि जवळून काही हलले की झटक्यात दोन-चार फूट धावून ते टिपतो. १७ वेळा टिपताना पाहिले; सहा वेळा मुंग्यांच्या रांगेतून, दोन वेळा गवतातल्या लहान नाकतोड्यावर झडप, आणि नऊ वेळा काय खाल्ले ते कळले नाही. ते नऊसुद्धा लिहून ठेवले आहेत.

२६ मे, रविवार

पवनचक्क्यांजवळच्या आणि चक्क्या नसलेल्या रेषांची तुलना करायची म्हणून आम्ही आकडे शेजारी मांडले. पहिल्या दोन रेषांवर जास्त सरडे दिसत होते. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आणि सरड्यांची दाटी अधिक आढळली होती. तेथील सरड्यांची शरीरस्थिती मात्र हलकी होती, नरांचे रंग फिके होते आणि ते धोक्याला कमी दचकत. तेव्हा आमचे आकडे त्याच दिशेने जातात, असे म्हणण्याचा मोह झाला.

पण त्या अभ्यासातलीच शेवटची गोष्ट आमच्या आकड्यांना आडवी येते. चक्क्यांजवळचा सरडा माणूस जवळ आला तरी दगडावर बसून राहत असेल, आणि दुसरीकडचा पंधरा मीटरवरूनच झुडपात शिरत असेल, तर आम्ही समान संख्येच्या दोन ठिकाणी असमान आकडे लिहू. आज प्रत्येक सरडा आम्हाला किती अंतरावर पहिल्यांदा दिसला आणि किती अंतरावर पळाला, हे टेपने मोजायला सुरुवात केली. आधीच्या सर्व मोजण्यांत हे अंतर नोंदलेले नाही, त्यामुळे एप्रिलचे आकडे या तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. हा प्रकल्पातील सर्वांत मोठा तोटा, कारण तो भरून काढता येत नाही. पहिल्या दिवशी एक रकाना जास्त आखला असता तर काही खर्च आला नसता.

रंगांचेही तसेच. पोळीच्या रंगाची तुलना करावी म्हणून आज भाच्याने चारशेहून अधिक छायाचित्रे काढली. पोळीचा निळा रंग मोरपिसासारखा कोनानुसार पालटतो. एकाच नराची एकाच मिनिटातली दोन छायाचित्रे दोन वेगळ्या सरड्यांची वाटतात, आणि मोबाइल स्वतःहून रंग सुधारतो ते वेगळेच. तो भाग सोडून दिला.

तिसऱ्या रेषेवर एक मादी पुढच्या पायांनी माती उकरत होती. परवाच्या वळवाने माती मऊ झाली होती. अंडी घालण्यासाठी ती खड्डा करत असावी म्हणून रेषा तेथेच थांबवली आणि लांबून वळसा घालून परतलो. त्या रेषेपुढे आज ‘१२० मीटर’ असे लिहिले आहे.

९ जून, रविवार

पठारावर ढग उतरले होते. दहा वाजता कातळ २२ अंश, वारा इतका की टेप हातात धरवेना. सव्वाअकरापर्यंत वाट पाहिली. एकही सरडा नाही. वहीत तापमान, ढग, वारा आणि थांबलेला वेळ लिहिला.

नऊ फेऱ्यांचे दोन मोटारसायकलींचे पेट्रोल ३,२४० रुपये आणि साहित्य २,११० रुपये, म्हणजे एकूण ५,३५० रुपये खर्च झाला. अंतरासह घेतलेली, हिशेबात धरता येईल अशी मोजणी एकच : २६ मेची, आणि तीही एका रेषेत ८० मीटरने अपुरी. परतताना टोकांचे आठही खिळे जागेवर आहेत हे पाहून घेतले. वाळवलेल्या लेंड्यांची ११ पाकिटे अजून उघडायची आहेत. ती पावसाळ्यात घरी बसून होतील, मात्र स्वयंपाकघरातली बशी आता मिळणार नाही.